भिंत वाचणारे चाचा

कोणाच्या घरी गेल्यावर तुम्ही आधी काय पाहता? माणसं? टीव्ही? आमचे रंगारी चाचा भिंत पाहतात, आणि भिंतीवरून माणूस ओळखणारा त्यांच्यासारखा दुसरा साऱ्या मेडशी गावात नाही, हे मी कोणत्याही सभेत ठासून सांगेन. बाबांचे हे जुने दोस्त. चहा समोर आला तरी आधी अंगठ्याने भिंत घासतील, मगच कप उचलतील. एकदा भाचीसाठी स्थळ पाहायला गेले आणि मुलाशी अवाक्षर न बोलता परतले. "पोराच्या खोलीत भिंतीले पाठीचा डाग, अन् सैपाकघरात एकही नाही. म्हंजे हा दिवसभर टेकून राह्यते अन् बायांले टेकाले टाईम नाही. पोरगी देऊ नका!"

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला माझ्या धाकट्या बहिणीने समाजमंदिरात आपलं चित्र लावलं. निळ्या भिंतीची खोली, एक पिवळा बल्ब, जमिनीवर उघडं पुस्तक आणि भिंतीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला एक काळपट गोल. माणूस एकही नाही. मी तातडीने पत्रक काढलं: 'काळा गोल म्हणजे व्यवस्थेने गिळलेला माणूस!' परिणाम उलटाच झाला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "जयंतीच्या दिवशी असं उदास कायले पाह्यचं? काढा थे. धबधब्याचं लावू." बहिणीने चित्र खिळ्यावरून उतरवलं. मला म्हणाली, "दादा, आता ब्रश हाती धरनार नाही मी."

तेवढ्यात चाचा आले. चित्र तिच्या हातून घेतलं आणि अंगठा थेट त्या गोलावर ठेवला. मी समजावू लागलो, "चाचा, ते प्रतीक आहे."

"गप रे बावा! तेलाचा डाग हाये हा." मग बहिणीकडे वळून म्हणाले, "तुह्या मायचा ना? तू अभ्यास कराची अन् थे इथं डोकं टेकून बसे. तिले वाचता येत नव्हतं, पन तुह्यं झाल्याबिगर उठे नाही. दरसाल जयंतीआधी मी चुना मारून डाग मिटवला, दरसाल तिनं परत पाडला." "हो चाचा, मायचाच," बहीण म्हणाली. चाचा अध्यक्षांवर उखडले, "अन् तुमी याले उदास म्हनता? पोरगी शिकून राह्यली या घरात!"

अध्यक्षांनी स्वतः स्टुलावर चढून चित्र पुन्हा टांगलं. बहिणीने तिथल्या तिथे चाचांकडून जयंतीच्या रंगकामातला उरलेला निळा रंग पुढच्या चित्रासाठी मागून घेतला.

मी त्याच घरात वाढलो. मला व्यवस्था दिसली, आई दिसली नाही. ती गेल्यावर आम्ही घराला पुट्टी लावून घेतली. त्या गुळगुळीत भिंतीवर आता कशाचीच खूण राहत नाही. तुम्हालाही घर रंगवायचं असेल तर जरूर रंगवा. पण त्याआधी पोरांना भिंतीपाशी बोलवा आणि इथे कोण टेकून बसायचं, त्यांचं नाव सांगा.