नाव नसलेला डबा

माझं अक्षर गिचमिड आहे आणि चौथीपर्यंतच शिकल्यामुळे शुद्धलेखनही चुकतं, त्याची माफी असावी.

मुलाने सिंगापुरात क्लेमेंटी भागात नवा फ्लॅट भाड्याने घेतला. कपाटात आधीच्या भाडेकरूचा डबा निघाला. त्यावर नाव नव्हतं, आत काळे चमकणारे दाणे होते.

“तीळ असतील, आई. टाकून दे,” मुलगा म्हणाला.

मला पटेना. माझे वडील पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक ठेवत, काडतुसं घरीच भरत. नाव नसलेली बंदुकीची दारू ते कधीच वापरत नसत. नुसत्या रंगावरून ओळखायला गेलेल्या त्यांच्या मित्राची बंदूक फुटून दोन बोटं गेली होती.

मी गॅस बंद केला, डब्याला कुणाला हात लावू दिला नाही. “पोलिसांना फोन कर.”

“उलट मलाच धरतील. इथं नोकरी करायचा पास जाईल माझा!”

“पास पुन्हा मिळेल, बोटं नाही.”

“आजी, सो ड्रामा लाह!” नात इथल्या इंग्रजीत म्हणाली आणि हसली. तरी मुलाने फोन लावला.

पोलिसांनी डबा नेला. दोन दिवसांनी कळलं, माशांच्या टाकीतलं पाणी गाळायचा कोळसा होता. पास शाबूत राहिला. मी लाजले खरी, पण त्याच दिवशी घरातल्या प्रत्येक डब्यावर वाकड्या अक्षरात नाव चिकटवलं.