चार दिवसांसाठी नेलेली जोडी

मामा कुठल्याही सुट्या भागाचं नाव घेत नसत. नाव विचारलं की कानावरची पेन्सिल काढायचे, तो भाग चित्रकलेच्या वहीत ठेवायचे आणि त्याच्या कडेकडेने रेघ ओढायचे. बिजागरी, काचेची रबरी पट्टी, दाराची मूठ, सगळं त्या वहीत खऱ्या मापाचं उतरलेलं असे. "नावां काय, कंपनीची वेगळी, बाजारातली वेगळी. आकार एकच," असं त्यांचं म्हणणं. भोईवाड्यातल्या त्यांच्या चाळीतल्या खोलीत पोटमाळ्यावर अशा वह्यांची थप्पी होती, आणि जुन्या जपानी गाड्या बाळगणाऱ्या मुंबईतल्या हौशी लोकांमध्ये त्या वह्यांचं मोठं नाव होतं. ज्याने त्या भरल्या त्याचं नाव मात्र त्यातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. मामा म्हणजे भोईवाड्यातला तो म्हातारा, एवढंच.

मूळचे देवगडकडचे. एका गिरणीत फिटर होते. त्या गिरणीने जपानहून यंत्रं मागवली, ती बसवायला तिथून एक माणूस आला, आणि त्याच्या हाताखाली मामांना तीन महिने दिलं. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून दोघं कागदावर आकार काढून बोलत. गिरणी बंद पडल्यावर मामांनी आपले पाने पिशवीत घातले आणि ज्या गाड्यांना ते पाने लागत त्या गाड्यांकडे वळले. "जपानी बोल्ट खोटा बोलत नाय," म्हणायचे. "आटे गेले तर समजायचा, आपणच चुकीचे पिळले."

मी दातांची डॉक्टर. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना आहे आणि त्याच इमारतीच्या गॅरेजमध्ये माझ्या वडिलांची गाडी वर्षानुवर्षं उभी होती. दोन दारांची, नाक लांब, रंग नारिंगी. एका परदेशी वकिलातीतला अधिकारी मायदेशी निघाला तेव्हा वडिलांनी ती त्याच्याकडून घेतली होती. वडील गेल्यावर तिच्याकडे कुणी बघेना. मी मामांना बोलावलं ते खरं म्हणजे ती भंगारात द्यायची की ठेवायची, एवढंच विचारायला. मामा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले, चाकाशेजारी उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "बापाशीची गाडी हा ना, गो? मगे भंगाराचा नाव कशाक काढतंस?" पहिल्याच भेटीत 'गो' आणि 'तू'. माझ्याशी तसं बोलणारं तोवर घरात कुणी उरलं नव्हतं.

भाग मिळवायची त्यांची रीत निराळीच होती. त्यांच्या गावची निम्मी तरणी माणसं जहाजावर नोकरीला. सुट्टी संपवून निघालेला प्रत्येक जण मामांच्या खोलीवर चहा पिऊन जाई आणि जाताना वहीचं एखादं पान खिशात घालून नेई. जपानच्या बंदरात जहाज लागलं की तिथल्या भंगारवाल्यापुढे ते पान धरायचं. सहा महिन्यांनी, कधी वर्षाने, तो भाग ट्रंकेत लुंगीत गुंडाळून परत यायचा. माझ्या गाडीच्या उजव्या दाराची मूठ अशीच मागवली. आली ती डाव्या दाराची. मामांनी मूठ कागदावर पालथी ठेवून रेघ ओढली होती, त्यामुळे चित्र उलटं झालं होतं. ती आणणारा बाबलो, मामांच्या चुलत्याचा नातू, बिचारा वर्षभर ती सांभाळून आलेला. मामा त्याला काही बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, "तू दाताची मापां घेतंस ना? मगे बघित काय बसलंस?"

मग मी कवळीचं माप घ्यायचा लगदा कालवला आणि जन्मात पहिल्यांदा एका मोटारीच्या मुठीचा ठसा घेतला. त्यात प्लास्टर ओतलं. पांढरी शुभ्र मूठ तयार झाली, डावी-उजवी ओळखू येणारी. त्यानंतर आमचा कारखानाच सुरू झाला. रोगी गेले की मामा दवाखान्यात यायचे, खुर्चीवर फडकं अंथरून त्यावर दिव्याचं कडं नाहीतर आरशाचा दांडा ठेवायचे, आणि मी ठसे घ्यायचे. बाबलोच्या ट्रंकेतून प्लास्टरच्या मुठी आणि कडी जपानला जायची. ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, हे मी आता सांगते आहे. तेव्हा मला ते काही कळलं नव्हतं.

मामा काही टाकत नसत. झिजलेला स्क्रूसुद्धा डब्यात जाई आणि डब्यावर ज्या गाडीचा तो, तिचं नाव. काम संपलं की तो डबा मालकाला परत. "तुझ्या गाडीचा हाड हा. तू टाक, मी टाकूचंय नाय." त्यांच्या बायकोने, मामींनी, एकदा दिवाळीच्या साफसफाईत एक फुटका पंप कचऱ्यात दिला तर मामा पालिकेच्या कचरापेटीत कमरेपर्यंत वाकून तो शोधत होते. चाळीतल्या पोरांनी त्याचा महिनाभर खेळ केला.

आणि त्यांची स्वतःची गाडी. माझ्याच गाडीची बहीण, पण तिचं नशीब वेगळं. शीव कोळीवाड्यात एका घराच्या मागे ती पडून होती, तिच्या टपावर जाळी वाळत आणि आत कोंबड्या. मामांनी ती मागून आणली, कागदपत्रं नावावर केली आणि चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली ठेवली. गिऱ्हाइकांची कामं उरकली की उरलेला वेळ तिचा. वीस वर्षं. फोंडा घाट उतरून ती गाडी गणपतीला गावच्या घरासमोर उभी करायची, मामींना पुढच्या सीटवर बसवून, एवढंच त्यांना हवं होतं. चाळीतले लोक विचारायचे, "मामा, गाडी कधी?" मामा म्हणायचे, "यंदाच्या गणपतीक." दर वर्षी हाच प्रश्न आणि हेच उत्तर.

त्या वर्षी मात्र ती खरोखरच सुरू झाली. बाबलोने कार्बोरेटरची जोडी आणली होती, अस्सल, जशी कारखान्यातून निघाली तशी. मामांनी ती बसवली, किल्ली फिरवली आणि चाळीच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. मामी खाली येऊन हळदकुंकू लावून गेल्या. गणपतीला दोन महिने होते.

माझी गाडीही तोवर तयार होती, फक्त तिचे कार्बोरेटर सडलेले होते आणि दुसरे मिळत नव्हते. नेमकं तेव्हाच दक्षिण मुंबईत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन जाहीर झालं. अट एकच, गाडी स्वतःच्या बळावर चालत आत आली पाहिजे. मी मामांकडे जोडी मागितली. चार दिवसांसाठी. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताडपत्रीकडे पाहिलं. "घेवन जा," म्हणाले. स्वतःच्या हाताने काढली आणि स्वतःच माझ्या गाडीत बसवून दिली.

प्रदर्शनात आत फक्त मालकांना प्रवेश होता. मामा दोरीच्या पलीकडे, हातात फडकं आणि प्लगचा पाना घेऊन उन्हात उभे. माझ्या गाडीशेजारी पाटी होती, तिच्यावर 'जीर्णोद्धार' या शब्दापुढे माझं नाव. ती पाटी मी लिहिली नव्हती, पण मी ती बदलायलाही सांगितलं नाही. ज्यांच्या नखांत कधी ग्रीस गेलं नाही असे टोपीवाले गृहस्थ बॉनेटमध्ये डोकावून वाहवा करत होते आणि मी मान हलवून ती घेत होते.

त्यातल्याच एका संग्राहकाने गाडी मागितली. जशी उभी आहे तशी, आजच. मुलगी परदेशी शिकायला निघाली होती, पैसा लागणारच होता, हे कारण मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मोठी माणसं मला मोठं म्हणत होती. "एक दिवस थांबा, जोडी काढून देते," हे एक वाक्य मी बोलू शकले असते. सौदा फिसकटेल म्हणून बोलले नाही. नंतर फोन केला तर तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ते तर गाडीबरोबर आलं."

मामांना सांगायला मी भोईवाड्यात गेले. म्हटलं, "मामा, मी दुसरी जोडी शोधून देते. लगेच शोधते." मामांनी हातातली वही मिटली. "बापाशीची गाडी इकलंस?" एवढंच विचारलं. कार्बोरेटरचा शब्दही काढला नाही. गणपतीला मामा-मामी एसटीने गेले. पुढच्या वर्षीही.

त्यानंतर चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. मागची जागा रिकामी करायची होती. बेवारस गाड्यांवर पालिकेने नोटिसा चिकटवल्या, त्यातली एक मामांच्या ताडपत्रीवर. मला मामींचा फोन आला म्हणून मी गेले. आलेला अधिकारी भला माणूस होता. त्याने कागदपत्रं पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, कागद बरोबर आहेत. पण मला वरिष्ठांना 'भंगार नाही' असं लिहायचं तर गाडी चालू झाली पाहिजे. एकदा सुरू करून दाखवा, मी नोटीस काढतो."

कुणीतरी बॉनेट उघडलं. अधिकाऱ्याने आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "कार्बोरेटर कुठाय?"

सगळी चाळ तिथे जमलेली होती. मी मामांपासून दोन हातांवर होते. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "तो गंजलो होतो. टाकून दिलंय."

गर्दीतून कुणीतरी हसलं. मामांनी काही टाकलं, हा चाळीला विनोद वाटला असेल. मी तोंड उघडलं नाही. माझ्यासमोर त्या गाडीला साखळ्या लावल्या, क्रेनने उचलली, आणि उचलताना तिचं एक दार उघडून लोंबत राहिलं. मामांनी पुढे होऊन ते नीट लावून घेतलं.

त्यानंतर ते मला 'मॅडम' म्हणू लागले. रागाने नाही, अगदी साधेपणाने. 'गो' बंद झालं, 'तू'चं 'तुम्ही' झालं. संक्रमण शिबिराच्या सातव्या मजल्यावर त्यांना खोली मिळाली. तिथे वह्या ठेवायला पोटमाळा नव्हता, म्हणून वह्या खाटेखाली. मी जायचे, मामी चहा करायच्या, मामा टीव्ही बघत राहायचे. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी आले असते.

तीन वर्षांनी एके दुपारी दवाखान्यात रोगी नव्हता, म्हणून मी सहज संगणकावर शोधलं. जपानमधला एक दुकानदार तसलेच कार्बोरेटर विकत होता, फोटोसकट, डावा-उजवा लिहून. मी मागवले. खोकं घरपोच आलं. मी ते घेऊन सातव्या मजल्यावर गेले आणि मामांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. कागद सोडवले, नळीतून फुंकर मारून पाहिली, नखाने आटे तपासले. कितीतरी वेळाने त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला. "अस्सल आसा," म्हणाले. मग विचारलं, "कोणी आणल्यान? बाबलोन?"

"नाही मामा. इंटरनेटवरून मागवले."

"किती दिस लागले?"

"आठ."

"आठ महिने?"

"आठ दिवस, मामा."

त्यांनी कार्बोरेटर परत कागदात गुंडाळले, नीट, कोपरे दुमडून. खोकं माझ्याकडे सरकवलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मगे तेव्हा कित्याक नाय मागवलंस, गो?"

मी शोधलंच नव्हतं. 'लगेच शोधते' म्हणून गेले आणि इतक्या वर्षांत एकदाही शोधलं नव्हतं. मामांना मी हे सांगितलं नाही. दुकानदाराकडे ते आत्ताच आले, असं मी म्हटलं. मामांनी मान हलवली आणि मामींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.