गाळलेला परिच्छेद

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. हातातलं निरीक्षण वहीत लिहिलं आणि मगच निघाले. असं का केलं, नीट सांगता येत नाही... कदाचित मामांमुळेच. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये ते सुटे भाग मोजून तपासायचे. माप चुकलेलं असलं तरी आलं तेच लिहायचे.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे कोपरच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. मधुमेहाच्या नव्या औषधाची चाचणी होती, मामांना डॉक्टरांनी विचारलं आणि संमतीपत्र घरी वाचायला दिलं. ते मराठीतच होतं, पण तसलं मराठी आमच्याकडे कोणी बोलत नाही. एक परिच्छेद मला कळलाच नाही. तसं म्हणायची लाज वाटली. तो गाळून मी सांगितलं, "तुम्हाला नवीन औषध मिळणार." मामांनी सही केली.

काही महिन्यांनी सरांनी वर्गात अशा चाचण्या शिकवल्या. काही जणांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी देतात. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. संध्याकाळी मी मामांना सगळं सांगितलं, मी गाळलेला परिच्छेद याचाच होता हेही. "चाचणी अजून सोडता येते," असंही म्हटलं.

"बीएस्सी करतेयस ना गं? तरी कळलं नाही?" मामी म्हणाली.

मामा म्हणाले, "आमच्याकडे एक मास्टर पीस असतो, अगदी अचूक मापाचा. तो कुठल्याच मशीनला लागत नाही, कपाटात पडून असतो. पण बाकीचे तपासायचे तर तोच लागतो. मी तो असेन तर असेन... पुढच्या वेळी मात्र सगळं वाच."

मामा हृदयविकाराने गेले. त्यांच्या गोळीत औषध होतं की नाही, अजून कळलेलं नाही. दवाखान्याने उरलेल्या गोळ्या आणि रोजची नोंदवही मागवली. शेवटच्या आठवड्यात दोन दिवस लिहिलं होतं, 'गोळी विसरलो.'

मामीने पेन पुढे केलं. "तिथे घेतली असं लिही ना. गेलेल्या माणसाची चूक कशाला दाखवायची?"

मी पेन बाजूला ठेवलं आणि वही पहिल्या पानापासून तिला मोठ्याने वाचून दाखवली. एकही ओळ गाळली नाही. दुसऱ्या 'विसरलो'पाशी थांबले.

"वाच पुढे," मामी म्हणाली.

पुढे दोन नोंदी होत्या, 'घेतली', 'घेतली'. त्यानंतर महिनाअखेरपर्यंत फक्त तारखा होत्या, मामांनी आधीच घालून ठेवलेल्या. त्याही मी वाचल्या.