एक जूनच्या मुली

अन्याय झाला तो तलासरीच्या पाड्यांवरच्या आम्हा पंधरा मुलींवर. गेल्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी पावणेनऊ वाजता. डहाणूत, मसोलीच्या बाजूच्या मैदानावर, विभागीय रग्बी चषकाच्या नोंदणीच्या टेबलासमोर. वेळ नेमकी सांगते, कारण नंतर आम्हाला सांगण्यात आलं की असं काही घडलंच नाही.

टेबलामागे स्पर्धेचे सचिव बसले होते. त्यांनी आमची आधार कार्डं पत्त्यांसारखी पसरली. एक बघितलं, दुसरं बघितलं. मग बाजूच्या बाईंना म्हणाले, "मॅडम, गंमत बघा. नऊ जणी एकाच दिवशी जन्मल्यात. एक जून!"

मॅडम हसल्या. मागे रांगेत डहाणूच्या क्लबच्या मुली होत्या. त्याही हसल्या.

"काय गं, पाड्यावर त्या दिवशी सेल लागला होता का?" सचिव म्हणाले. "की सगळ्या आया एका रांगेत झोपल्या होत्या?"

माझी आई तेव्हा वाणगावला मिरचीच्या तोडणीवर होती. बरं झालं, तिनं हे ऐकलं नाही.

एक जून का, ते सांगते. आमचे जन्म घरात झाले. तारीख कुणी लिहून ठेवली नाही. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, कधी झाली? आई म्हणाली, भात पेरायच्या आधी. गुरुजींनी एक जून टाकलं. विषय संपला. त्या तारखेवर आमचं आधार निघालं. त्याच तारखेवर आम्ही मतदान केलं. तेव्हा आम्ही अठराच्या वर होतो. रग्बीच्या टेबलावर आल्यावर आमचे जन्मच खोटे ठरले.

"बोगस कागद. वयाचा पुरावा नाही. संघ बाद," सचिवांनी सांगितलं आणि कार्डं परत ढकलली. दोन खाली पडली. ती आम्हीच उचलली.

हरला की घरी, असा हा चषक. आम्ही हरलोही नव्हतो. दिवाळीपासून कापलेल्या भाताच्या शेतात सराव केला होता. धसकटं पायात घुसायची, रक्त यायचं, पुसून पुन्हा पळायचं. सकाळी आमच्याशी खेळणार होता तो डहाणूचा क्लब. त्यांना पुढे चाल मिळाली. न खेळता थेट अंतिम सामना.

आमचा टेम्पो संध्याकाळी येणार होता. म्हणून झाडाखाली बसून राहिलो.

आता लाज वाटते ते लिहिते.

दुपारी डहाणूच्या क्लबचे कोच आमच्याकडे आले. त्यांची एक मुलगी सरावात पाय मुरगळून बसली होती. राखीव खेळाडू म्हणून रिया नावाच्या मुलीची नोंद होती, पण ती आलीच नव्हती.

"ए, ती सकाळची जाडी तूच ना? स्क्रममध्ये रेटतेस?"

स्क्रम म्हणजे आठ-आठ जणींनी खांद्याला खांदा भिडवून समोरच्यांना मागे ढकलायचं. माझं काम तेच. मी हो म्हणाले.

"रियाची जर्सी घाल. तोंड उघडायचं नाही. चांगली खेळलीस तर पुढच्या वर्षी आमच्या क्लबात घेतो."

"सर, माझे कागद?"

"कागद कोण बघतंय?"

सचिव तिथेच उभे होते. त्यांनी मला ओळखलं. बाजारात बैल बघावा तशी माझ्या खांद्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हिला घ्या. दणकट आहे."

मी जर्सी घातली. कुणी जबरदस्ती केली नाही. मला खेळायचं होतं.

मध्यंतराआधीच दोघींना अंगावर घेऊन मी रेषेपलीकडे चेंडू टेकवला. ट्राय, म्हणजे पाच गुण. लाऊडस्पीकर ओरडला, "रिया! काय ताकद आहे पोरीची!" प्रेक्षकांच्या मंडपात टाळ्या पडल्या.

मध्यंतरात आमची कॅप्टन जयू बाटली घेऊन आली. बाकीच्या तेराजणी झाडाखाली मैदानाकडे पाठ करून बसल्या होत्या. जयूनं बाटली पुढे केली.

"पाणी पी गे, रिया."

एवढंच. हसली नाही, चिडली नाही.

मी बाटली तशीच परत दिली. कोचना आणि सचिवांना माझा खांदा हवा होता आणि मी नको होते. आणि मी त्याला हो म्हणाले होते.

मी पंचांकडे गेले. "सर, मी रिया नाही. सकाळी बाद केलेल्या संघातली आहे." माझं नाव सांगितलं. पाड्याचं सांगितलं. मंडपात ऐकू जाईल असं सांगितलं. जर्सी काढून सचिवांच्या टेबलावर ठेवली आणि आतल्या मळक्या टी-शर्टवर उभी राहिले.

कोच धावत आले. "अक्कल आहे का? तुझं भलं करत होतो!"

मी झाडाकडे चालू लागले. डहाणूचा क्लब चौदाजणींनिशी खेळला आणि चषक त्यांनाच मिळाला.

आठ दिवसांनी स्पर्धा समितीचं पत्र आलं. खेळाडूने खोटे नाव धारण करून समितीची दिशाभूल केली, सबब संपूर्ण संघावर दोन वर्षांची बंदी. सकाळी टेबलावर तसं काही घडलंच नाही, असंही त्यात होतं. कोचचा उल्लेख नाही. सचिव अजून सचिवच आहेत. खाली एक ओळ होती. मी माफीनामा लिहून दिला तर बंदी एका वर्षाची करू.

माझ्यामुळे चौदाजणी का बसून राहाव्यात? पत्र घेऊन मी जयूच्या पाड्यावर गेले. जयू नुकतीच उंबरगावच्या कंपनीतून पॅकिंगची पाळी संपवून आली होती. दोन वर्षांनी तिला खेळता येईल का, तिलाच ठाऊक नाही. जमलेल्या सगळ्यांसमोर तिनं पत्र वाचलं.

"लिही की माफी," ती म्हणाली. "मग आमच्या टीममदी पाय ठेवू नको. आम्हीच बंदी घालू तुझ्यावर."

सगळ्या हसल्या. मीही हसले. माफीनामा लिहिलेला नाही. लिहिणार नाही.

आता तुम्ही. या भागात रग्बी खेळता, यंदाच्या चषकाच्या सोडतीत तुमच्या क्लबचं नाव आहे. त्या रविवारी तुमच्यातले कितीतरी मंडपात होते आणि टाळ्या वाजवत होते. आम्हाला तुमचे जुने बूट नकोत. फोनवरचं "वाईट वाटलं" नको. आमच्यावरची बंदी उठेपर्यंत या चषकातून तुमच्या क्लबचं नाव मागे घ्या. समितीला तसं लेखी कळवा आणि कारणही लिहा.

या आठवड्यात.