आपला नंबर आलेला आहे

घरातली भाची अवनी सोडली, तर मंदाकिनीकाकूंनी कुणाला अरे-तुरे केल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे कुणालाच! जिन्यात झोपणाऱ्या बोक्यालासुद्धा त्या "अहो, जरा सरकता का?" म्हणतात. सगळी नोकरी कोथरूडच्या एका सहकारी बँकेत काउंटरवर गेली. कुणी मध्येच खिडकीत मुंडकं घातलं की काकूंचं ठरलेलं, "आपला नंबर आलेला नाही. बसून घ्या." आवाज इतका गोड की माणूस बसायचा, आणि बसल्यावर त्याला कळायचं, अरे, आपला अपमान झालाय!

तर अशा बाईला व्हिलन व्हायचं होतं.

सोसायटीच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी काकूंच्या वाट्याला पुष्पगुच्छ. घ्यायला नाही, द्यायला. पाहुणे आले, काकू स्टेजवर, गुच्छ दिला, काकू खाली. गेल्या वर्षी हट्टाने सिनेमातला एक संवाद म्हणायला उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्याला ब्लँक. तेव्हापासून सेक्रेटरी केयूर भेटला की म्हणायचा, "काकू, तुम्ही आपल्या गुच्छच द्या हं. छान दिसतं."

ते "छान दिसतं" काकूंना फार लागलं होतं. यंदा त्यांनी केयूरला रोज जिन्यात गाठून पाच मिनिटं मिळवलीच. पण आता पुन्हा फसलं, तर जन्मभर गुच्छ!

प्रसंग तो नेहमीचा फेमस, हीरो खुर्चीला बांधलेला आणि व्हिलन पिस्तूल घेऊन त्याच्याभोवती फिरतोय. हीरो कोण, तर काकूंचे मिस्टर, बाळकाका. अवनीने संवाद मराठीत करून दिले होते.

"मावशी, डोळ्यात बघ आणि म्हण, तू आता मरणार!"

"आपण आता मरणार."

"तू!"

"अगं, यांना कसं तू म्हणू?"

"म्हण गं," बाळकाका खुर्चीतून म्हणाले, "मी काय खरंच मरतोय का?"

कार्यक्रमाच्या दिवशीपर्यंत "तू" काही तोंडातून निघाला नाही.

अवनीच्या ओढण्यांनी काकांना बांधलं, पडदा उघडला. काकूंनी खेळण्यातलं पिस्तूल रोखलं. "तू..." आणि जीभ टाळूलाच चिकटली. सेम गेल्या वर्षीसारखं! पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. विंगेत केयूरने माइक उचललासुद्धा. काकूंना तो दिसला, आणि त्यांच्या तोंडून बँकेतला आवाज आपोआप बाहेर पडला.

"अहो, आपण जरा सरळ बसाल का? मला नेम धरायला त्रास होतोय."

कुणीतरी खुदकन हसलं. काकूंनी ते ऐकलं. मग काय, घाम पुसला आणि सुटल्याच!

"आपल्या संपूर्ण खानदानाचा मी सर्वनाश करणार आहे. आपली काही हरकत नाही ना?"

शिट्टी आली! बाळकाका हीरो असल्याचं विसरून खुर्चीसकट हलत हसायला लागले. "अगं, पण मी केलंय काय?"

"चौकशी पलीकडच्या खिडकीत."

हॉलमधल्या अर्ध्या लोकांची खाती काकूंच्याच बँकेत होती. ते पोट धरून हसत होते. काकूंनी हसू ओसरेपर्यंत वाट बघितली, नोटा मोजताना बघायच्या तशी शांत नजर काकांवर रोखली आणि पिस्तूल वर उचललं.

"आनंदाची बातमी आहे. आपला नंबर आलेला आहे."

हॉल डोक्यावर! अवनी तर विंगेत उड्या मारत चक्क रडत होती. केयूर पाहुण्यांसाठी ठेवलेला गुच्छ घेऊन धावत आला आणि तो त्याने काकूंच्या हातात दिला.

"काकू, पुढच्या वर्षी दहा मिनिटं!"

"बघू. आपण अर्ज करून ठेवा."

"मंदा, अगं सोड की आता!" खुर्चीतून काका ओरडले. "हात दुखायला लागले माझे!"

काकूंनी गुच्छाचा सावकाश वास घेतला.

"अहो म्हणा. मग सोडते."