पडद्यावर अडकलेलं दार

माझं माहेर तेरखेड्याचं, म्हणजे फटाक्यांच्या गावचं. त्यामुळं लग्न होऊन धाराशिवला आले तेव्हा माझ्या सिनेमाच्या आवडीचं कारण आमच्या यजमानांना आयतंच सापडलं. ते कॉलेजात प्राध्यापक. घरी कुणी आलं की सांगायचे, "हिला पडद्यावर काहीतरी फुटल्याशिवाय सिनेमा बघितल्यासारखं वाटत नाही." आलेला माणूस हसायचा. मीही हसायचे, कारण ते खोटं नव्हतं. हिरोनं एका बुक्कीत चारपाच जण उडवले आणि लगेच डोंगरावर जाऊन गाणं म्हटलं, की शाळेत आठवडाभर गणित शिकवून आलेला माझा शीण उतरतो.

यजमान सिनेमा बघत नाहीत, 'वाचतात'. त्यांच्यासारखेच वाचणारे आणखी तिघं गावात निघाले. एक वकील, एक दातांचे डॉक्टर आणि एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब. दर रविवारी दुपारी आमच्या बैठकीत भिंतीवर सासूबाईंची पांढरी चादर ताणायची, खिडक्या लावायच्या, लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडायचा आणि चौघांनी हनुवटीला हात लावून बसायचं. ज्या देशाचं नाव कुणाला धड उच्चारता येत नाही, तिथला सिनेमा सगळ्यांत थोर. कुणी खोकलं तर वकीलसाहेब असे बघायचे की खोकणाऱ्याला जामीन मिळणार नाही. सासूबाईंची दुपारची झोपायची जागा तीच, म्हणून त्या कोपऱ्यातल्या दिवाणावर आडव्या व्हायच्या आणि निवांत घोरायच्या. चहा अर्थात माझ्याकडं. मला कुणी 'बसा' म्हटलेलं आठवत नाही.

मागच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी त्यांनी एका म्हातारीचा सिनेमा लावला. डोंगरातलं गाव, बर्फ, एकटं घर. लेकानं घर विकलेलं असतं आणि घेणारा माणूस बघायला येणार असतो. म्हातारी घर झाडते, पुसते, भांडी लावते. चहाचं आधण ठेवता ठेवता मी दारातनं एवढं पाहिलं. चहा घेऊन आले तर पडद्यावर बंद दार होतं आणि खाली इंग्रजीत एक ओळ, 'कोण आहे?' चौघं श्वास रोखून त्या दाराकडं बघत होते. मी कप दिले. दार तसंच. सासूबाईंच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. दार तसंच. दाराशेजारी म्हातारीच्या चुलीवर मघाशी वाफ हलत होती, तीही हवेत थांबलेली.

"अहो, ते अडकलंय बहुतेक," मी म्हटलं.

"श्शऽ!" यजमान म्हणाले.

"थांबणं हीच तर त्याची भाषा आहे, वहिनी," डॉक्टर कुजबुजले.

दातांचा डॉक्टर म्हणतोय म्हटल्यावर मी तोंड मिटलं. तेवढ्यात लॅपटॉपनं स्वतःच एक चौकोन दाखवला आणि कार्यक्रम बंद पडल्याचं कळवलं. कुणी कुणाकडं बघितलं नाही. मग निवृत्त साहेब खाकरून म्हणाले, "तरीपण, त्या दारात काहीतरी होतं." बाकीच्यांना हायसं वाटलं. लॅपटॉप पुन्हा सुरू करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तासभर दारावर चर्चा झाली. दार म्हणजे मृत्यू, असं वकील म्हणाले. दार म्हणजे बाजारपेठ, असं यजमान म्हणाले. चहा गार झाला म्हणून तो पुन्हा मागवला.

मला मात्र रात्रभर एकच लागून राहिलं. दारात होतं कोण? दुसऱ्या दिवशी शाळेतनं आल्यावर मी सिनेमा पहिल्यापासून लावला. दारात घर घेणाराच होता. म्हातारीनं त्याला जेवू घातलं. छत कुठं गळतं, कुठली खिडकी धक्का दिल्याशिवाय लागत नाही, सगळं दाखवलं. सकाळी कुलूप लावून किल्ली त्याच्या हातात ठेवली. चार पावलं गेली, परत आली आणि कुलूप ओढून बघितलं. नीट लागलंय ना. बस, संपला सिनेमा. मी पदरानं डोळे पुसत बसले. एक लवंगीसुद्धा फुटली नव्हती पडद्यावर.

सासूबाईंना गोष्ट सांगितली. "वढून बघितलं व्हय?" त्या म्हणाल्या. "मग चांगली बाई हाय. आन् लेकाचं काय झालं? त्येला कुणी बडवलं का न्हाय?" न्हाय म्हटल्यावर त्यांचा सिनेमातला रस संपला.

यजमानांनाही जेवताना सांगितलं. पेपरातनं डोकं न काढता ते 'हं' म्हणाले. "शेवट महत्त्वाचा नसतो," असंही म्हणाले.

पुढच्या रविवारी चौघं जमले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. यजमान रंगात येऊन सांगत होते, "शेवटी ती कुलूप न लावताच निघून जाते. मालकीहक्कालाच नकार! मी पुन्हा बघितला ना परवा."

"क्या बात है!" वकील म्हणाले.

"लावते ती कुलूप," मी म्हटलं. "परत येऊन ओढूनसुद्धा बघते. किल्ली त्याला देऊन झाल्यावर."

कोपऱ्यातलं सासूबाईंचं घोरणं एकदम मोठं वाटलं. निवृत्त साहेबांनी विचारलं, "तुम्ही पूर्ण बघितला?"

"हो. मला पुढं काय होतं ते बघायचं होतं."

डॉक्टरांनी मान हलवली, जणू माझी एखादी दाढ किडकी निघाली होती. यजमान चष्मा पुसत राहिले. मी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि रिकाम्या खुर्चीत बसले. त्या दिवशीचा सिनेमा सुरू झाला. एक माणूस ट्रॅक्टर दुरुस्त करत होता, बराच वेळ, आणि मी शेवटपर्यंत बघितला. भिकार होता. तसं मी म्हटलंही.

पुढं वकिलांना रविवारी अशिलं यायला लागली. डॉक्टरांच्या दवाखान्याचं रंगकाम निघालं, ते अजून चालू आहे. निवृत्त साहेब मात्र येतात. एक रविवार त्यांच्या पसंतीचा असतो, एक माझ्या. माझ्या रविवारी मारामारी सुरू झाली की यजमान उठून झाडांना पाणी घालतात. भर दुपारी, उन्हात.