मास्तरांचे कान

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीत मी चार दिवसांच्या सहलीला गेले आणि त्या चार दिवसांत एकही गोष्ट धड पाहिली नाही. आजही कोणी विचारलं, मकबरा कसा आहे, पैठण कसं आहे, की मला गाईडचं तोंड आठवतं. बारीक मिशी, पुढचा एक दात तिरका, पान खाऊन लाल झालेली जीभ. माझ्या नवऱ्याचं तोंडसुद्धा मी कधी इतकं निरखलं नव्हतं.

आम्ही सुरतेत, लिंबायतला राहायचो. आमचे हे पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि कारागिरांवर लक्ष ठेवायचं, हे मास्तरचं काम. घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत, मग मीही तेच म्हणायला लागले. मी त्याच कारखान्यात मशीनवर सुताच्या कांड्या भरायला जायचे. मास्तरांचा लौकिक असा, की डोळे मिटून शेडमधून चालले तरी कोणता माग आजारी आहे ते आवाजावरून सांगतील. शेठ येईल त्या व्यापाऱ्याला हे कौतुकाने सांगायचे.

ते खरं होतं, पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत. एका दुपारी जेवता जेवता भाकरी तशीच ठेवून ते म्हणाले, "माले आते काही ऐकू येत नही." मी म्हटलं, चेष्टा पुरे. मग त्यांच्या मागे जाऊन हाक मारली. आणखी एकदा मारली, भांडं आपटलं. ते शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत होते.

त्यानंतर ते मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवून त्याचा आजार ओळखायला लागले. माणसांचं बोलणं ओठांवरून. शेडमध्ये खडखडाटात कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येत नाही, सगळेच ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. दोन बोटं एकमेकांपासून ओढली म्हणजे धागा तुटला. अंगठा तोंडाकडे नेला म्हणजे पाणी. पोटावरून हात गोल फिरवला की शेठ आले, कामाला लागा. त्यामुळे आत कोणाला पत्ता लागला नाही. बाहेर मी होतेच.

लपवायला कारण होतं. मागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात कारागिराचा हात पट्ट्यात सापडला. तो किंचाळला, पण तिथला मास्तर बहिरा आणि पाठमोरा. मशीन बंद व्हायला उशीर झाला आणि त्या बिचाऱ्याचं बोट गेलं. तेव्हापासून आमचे शेठ सगळ्यांदेखत सांगायचे, बहिरा मास्तर मला एक दिवस चालायचा नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या बोटाची आठवण यायची. यायची आणि मी ती ढकलून द्यायचे.

त्या वर्षी शेठनी कामरेजला नवी शेड बांधली. दिवाळीनंतरच्या लाभपाचमला, गुजरात्यांच्या धंद्याच्या दिवशी, मुहूर्त होता. तिथे मोठा मास्तर कोण, यावर सगळ्या कारखान्यात कुजबुज. तेवढ्यात शेठनी आपल्या नातलगांसाठी सहलीची बस ठरवली आणि आम्हालाही बोलावलं. "मास्तर, बेन, तमे पण चालो. नव्या शेडमध्ये कांड्यांचं खातं बेन सांभाळतील." शेडच्या मागे मोठ्या मास्तरला राहायला दोन खोल्या होत्या, मी आधीच बघून आले होते. स्वयंपाकघराला वेगळी खिडकी. मला त्या खोल्या हव्या होत्या. लिंबायतच्या एका खोलीत पोरांच्या अंगावरून पाय टाकत फिरून माझा जीव विटला होता. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की चार दिवस शेठच्या डोळ्यांसमोर राहून मास्तरांचे कान झाकायचे.

पाडव्याला सकाळी निघालो. पोरं जावेकडे ठेवली. भाऊबीज बुडणार म्हणून माझ्या भावाने तोंड फुगवलं होतं, त्याचं वेगळंच. बस सुटली आणि गाईडने माईक तोंडाला लावला. लावला तो असा, की ओठच झाकले! मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी कर्ण्याकडे कान लावला तर नुसती खरखर. मेला, एवढे पैसे घेतात आणि माईक धड ठेवत नाहीत. बाकीचे हसले की आम्ही दोघं हसायचो. सापुताऱ्याचा घाट चढेपर्यंत माझे गाल दुखायला लागले.

मग मीच युक्ती काढली. बस थांबली की सगळ्यांच्या आधी उतरायचं, गाईडच्या समोर जाऊन उभं राहायचं आणि तो बोलेल ते पदराआडून मास्तरांना खुणेने सांगायचं. गाईड दहा मिनिटं बोलायचा, मी दोन खुणा करायचे. राजा मेला. मुलगा बसला. मास्तर कपाळाला आठ्या घालायचे, एवढंच? मी डोळे वटारायचे, एवढंच! मंदिर असो, घाट असो, मी मान वर करून बघितलं नाही. शेठाणी म्हणाल्या, "बेनला इतिहासाचा केवढा शौक!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण हसले.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या पुढे द्राक्षांचा मुलूख. पत्रकात द्राक्षांचे घड छापले होते. तिथे गेलो तर छाटणी होऊन महिनाही झाला नव्हता. काड्या, तारा, आणि वर कोवळी पानं. शेठाणी प्रत्येक वेलीखाली वाकून बघत होत्या, एखादा तरी घड असेल म्हणून. बागवाला म्हणाला, आता फाल्गुनात या. सगळी बस गाईडवर तुटून पडली. मला मात्र बरं वाटलं, कारण त्या गडबडीत कोणी मास्तरांशी बोलायला आलं नाही.

तिथून वाइनच्या कारखान्यात नेलं. आम्ही दारूबंदीच्या राज्यातली माणसं. अर्धी बस तोंडाला रुमाल लावून आत शिरली आणि अर्धी रुमाल काढून. बाटल्या भरायच्या शेडमध्ये पाय ठेवला आणि काय सांगू, जीव भांड्यात पडला. असा खडखडाट! बाटल्या एकमेकींवर आपटत पुढे सरकत होत्या, मशीनचा घरघराट वेगळा. कारखान्याचा माणूस समजावून सांगत होता आणि शेठचे नातलग कानामागे हात धरून "शुं? शुं?" करत होते. फक्त आम्हा दोघांना कळत होतं. मास्तरांनी त्या माणसाच्या ओठांवरून उचलून शेठना एकेक गोष्ट कानात सांगितली, रस किती दिवस मुरवतात, बूच का भिजवतात, सगळं. मग जाता जाता एका मशीनवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "इसका बेरिंग जाने वाला है." कारखान्याचा माणूस चकित. शेठनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "जोयुं? मारा मास्तरना कान!"

बाहेर आल्यावर चाखायला दिली. मी एक घोट घेतला. आंबट, तुरट. यासाठी एवढा खटाटोप? पण त्या दुपारी मला काहीही गोड लागलं असतं. बसमध्ये मी खुणेने मास्तरांना विचारलं, नव्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा कुठला लावायचा. ते हसले नाहीत. माझ्याकडे नुसते बघत राहिले.

तिसरा दिवस मकबरा आणि पैठण. आई मेली, मुलाने बांधलं, अशी मकबऱ्याची खूण करून मी मोकळी झाले. पैठणला मात्र मास्तरांनी मला घामच फोडला. हातमागावर पैठणी विणत होते, तिथे ते असे रमले की शेठनी मागून हाक मारली ती काही केल्या पोचेना. मी धावत मध्ये पडले, "अहो, शेठ बोलावतात!" आणि त्यांचा दंड धरून फिरवलं. शेठ थोडे थबकले. मास्तरांनी नंतर मला खूण केली, तू जरा बघ ना साडी, किती सुंदर आहे. साडी बघते! माझा जीव टांगणीला लागलेला आणि यांना साड्या सुचतात.

चौथ्या दिवशी सकाळी देवगिरीचा किल्ला, म्हणजे दौलताबाद, आणि तिथून थेट सुरत. मी मनात तास मोजत होते. किल्ल्यात वर जायला एक काळोखा बोगदा आहे, अंधारी म्हणतात. शत्रू आत शिरला की वाट चुकायचा. आत जायच्या आधी मी मास्तरांना बजावलं, माझा हात सोडायचा नाही. एकदा दाबला की 'हो' म्हणायचं, दोनदा दाबला की 'नाही'. ते म्हणाले, "कशाले?" मी म्हटलं, तोंड बंद ठेवा आणि चला.

मधोमध गेल्यावर गाईडने बॅटरी विझवली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. सगळे एकदम गप्प झाले. मग मागून शेठचा आवाज आला. आवाज घुमत होता, त्यातलं 'मास्तर' एवढंच मला लागलं. पुढचं नुसतं गडगडलं. काय विचारलं असेल? थांबायला वेळ नव्हता. मी हात एकदा दाबला.

"हो, शेठ!" मास्तर ठणठणीत आवाजात म्हणाले.

सगळे हसले. गाईडने बॅटरी लावली. हसत नव्हते ते फक्त शेठ.

शेठाणी पायऱ्या चढता चढता माझ्याजवळ आल्या. "मास्तर भारी गमती. शेठ विचारतात, हा आवाज कसला, तर म्हणतात हो!"

"कसला आवाज?" मी विचारलं.

"अरे, वटवाघळं! केवढी चिरकत होती! माझे कान अजून बधिर आहेत."

मी म्हटलं, "हो ना." मला काही ऐकू आलं नव्हतं. भीतीने लक्ष नसेल, असं मी स्वतःलाच सांगितलं आणि पुढे झाले.

वर मोकळ्यावर आलो. शेठ कठड्याशी आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांचा जबडा हलला. काहीतरी म्हणाले आणि वळले नाहीत. मुद्दामच. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेठच्या पाठीकडे पाहिलं. पाठीवरून काय वाचणार! वारा होता, वाऱ्याने शब्द नेले असतील. पण तीन हातांवर तर उभे होते.

मास्तरांनी माझा हात सोडला. ते सरळ चालत गेले आणि शेठच्या समोर जाऊन उभे राहिले. आता दोघांची तोंडं मला बाजूने दिसत होती.

"शेठ, मुझे सुनाई नहीं देता. तीन साल हुए."

शेठचे ओठ हलले. "आधी सांगायचं ना, मास्तर." रागावले नव्हते. ते रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं. माझ्या डोळ्यांसमोरून त्या दोन खोल्या गेल्या आणि मी मास्तरांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. चार दिवस जिवाचं रान केलं मी, चार दिवस!

मग शेठनी माझ्याकडे बोट करून काही विचारलं. मास्तरांनी मान हलवली आणि आवाज खाली आणला. मी ऐकू नये म्हणून आणला, हे त्यांच्या खांद्यांवरूनच कळलं. पण ओठ दिसत होते.

"शेठ, इसके भी कान गए हैं. इसको अभी मालूम नहीं. इसको अब मशीन पर मत लगाना."

लाभपाचमला कामरेजच्या शेडमध्ये नारळ दुसऱ्याच मास्तरने फोडला. आमच्या मास्तरांना शेठनी जुन्या शेडमध्ये साध्या कारागिरासारखे चार माग चालवायला दिले, आणि माझं कांड्यांचं काम सुटलं. ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी बसमध्ये मी मागच्या सीटवर जाऊन बसले. मास्तर शेजारी आले. मी हाताने विचारलं, कधीपासून? त्यांनी दोन बोटं वर केली. दोन वर्षं! पोरं मागून हाक मारतात आणि तू वळत नाहीस, अशी खूण केली. मला सांगितलं का नाही? त्यांनी पंजा चोचीसारखा उघडमीट, उघडमीट करून दाखवला. तू गप्प बसलीस कधी, की सांगू. मला असा राग आला! आणि मी घाबरले होते, हेही सांगते. खोल्यांचं दुःख एका घाटात संपलं. पण घरात दोघंही असे, उद्या पोर रडलं तर उठायचं कोणी? मी रडत होते आणि हातांनी भांडत होते. तुम्ही मला फसवलं. तू शेठला फसवलं. मी तुमच्यासाठी केलं. मग मी कोणासाठी केलं? पुढच्या सीटवरून शेठाणी वळून बघायच्या आणि आम्ही हात मांडीवर ठेवायचो.

बारडोलीला अंधार पडला आणि एकमेकांचे हात दिसेनासे झाले. उरलेलं भांडण घरी जाऊन, दिवा लावून केलं.